बालाघाटची तीन दिवसांची सफर



सहलीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे ताजमहाल, लाल किल्ला, चारमिनार अशी नावे उभी राहतात. फार तर अजिंठा-वेरूळ. ज्या वाशीम जिल्ह्याच्या मातीत आपण वाढलो, त्याचे नाव कोणाच्याही ओठांवर येत नाही. इतिहास म्हणजे दूर कुठेतरी, कुणा दुसऱ्याच्या गावी घडलेली गोष्ट, असा आपला समज झाला आहे. हा समज चुकीचा आहे, आणि त्याने आपले नुकसान होत आहे. कसे, ते सांगण्यासाठीच मी आज तुमचा वाटाड्या होत आहे. तीन दिवसांची सफर आहे. सामान म्हणून एक वही, एक पेन्सिल आणि उघडे डोळे एवढेच बरोबर घ्यावे.

पहिला दिवस : घाट चढताना

आपली सफर अकोल्याहून सुरू करू. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यात आहे. वाशीम सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. या दोहोंच्या मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पूर्वेकडे पसरत आलेला भाग लागतो. पातूर सोडले की रस्ता वळणे घेत वर चढू लागतो. खालच्या मुलखाला आपले पूर्वज पायनघाट म्हणत आणि वरच्या मुलखाला बालाघाट. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलांना हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. 'बाला' म्हणजे वर आणि 'पाईन' म्हणजे खाली. शब्दाचा पहिला भाग फारसी, दुसरा आपल्या देशी भाषेतला. दोन भाषांनी हातात हात घालून एका मुलखाचे नाव ठेवले आहे. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पातूरला थोडा वेळ थांबू. गावाजवळच्या डोंगरात काळ्या पाषाणात खोदलेली प्राचीन लेणी आहेत. त्याच गावी शेख बाबू या सूफी संतांचा दर्गा आहे, आणि जुन्या कागदोपत्री गावाचे नावच 'पातूर शेख बाबू' असे लिहिलेले आढळते. लेणी कोरणारे भिक्षू आणि दर्ग्यात विसावलेले फकीर यांच्यामध्ये कित्येक शतके गेली. परंतु दोघांनीही वस्तीसाठी हाच घाटाचा पायथा निवडला. कारण सरळ आहे. घाट चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर वाटसरू येथे थांबत. जेथे वाटसरू थांबतो, तेथे पाणी, अन्न आणि उपदेश या तिन्ही गोष्टींची मागणी असते.

आता घाटात गाडी थांबवून रस्त्याच्या बाजूला कापलेली टेकडी नीट पाहा. दगड एकसारखा नाही. खाली घट्ट, काळा, घणाशिवाय न फुटणारा थर आहे. त्याच्या वर भोके पडलेला, पोळीसारखा जाळीदार थर. त्या भोकांत पांढरे, कधी हिरवट चमकते खडे भरलेले दिसतात. काही ठिकाणी मध्येच विटेसारख्या तांबड्या मातीची रेघ असते, आणि त्यावर पुन्हा काळा दगड. ही रचना म्हणजे डोंगराची वहीच आहे, आणि प्रत्येक थर हे तिचे एक पान.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे पृथ्वी फाटली. शंकूसारखा एखादा पर्वत होता आणि त्याच्या तोंडातून आग निघाली, असे चित्र मनात आणू नका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला खडक पाण्यासारखा वाहत दूरवर पसरला. तो थंड होऊन घट्ट झाला. मग काही काळाने पुन्हा भेग, पुन्हा लाव्हा. वाहत्या लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले, तीच ही भोके. पुढे त्यांत पाणी झिरपून पांढरे खडे तयार झाले. दोन उद्रेकांच्या मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याच्या धगीने ती भाजली गेली, तीच ही तांबडी रेघ. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीत या थरांची जाडी खूप मोठी आहे, पूर्वेकडे विदर्भात येता येता ती कमी होत जाते. शास्त्रज्ञ या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडनच्या भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण हे डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात.

दगड पाहून भूतकाळ ओळखण्याची ही विद्या केवळ युरोपातून आली असे कोणी समजू नये. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनी हा थोर विद्वान हिंदुस्थानात आला. उत्तरेच्या मैदानात खणताना निघणारे गोटे त्याने पाहिले. डोंगराजवळ मोठे, दूर जावे तसे लहान, आणि शेवटी नुसती वाळू. यावरून त्याने अनुमान काढले, की हा प्रदेश एके काळी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरत आला असावा. हाच अल्-बिरूनी या देशाला समजून घेण्यासाठी संस्कृत शिकला. दगडही वाचावा आणि दुसऱ्याची भाषाही वाचावी, ही त्याची शिकवण आपल्या सफरीत सतत बरोबर असू द्या.

घाट चढून आपण मालेगावच्या बाजूला आलो. येथे आणखी एक नवल आहे, पण ते नजरेला दिसत नाही, समजून घ्यावे लागते. वाशीम जिल्ह्याच्या या उंचवट्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले, तर त्यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होऊ शकतात. एक थेंब काटेपूर्णेत जाईल, तेथून पूर्णेत, मग तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात. दुसरा पैनगंगेत जाईल, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत बंगालच्या उपसागरात. आपला जिल्हा दोन समुद्रांचे पाणी वाटून देणारा जिल्हा आहे. भूगोलाच्या पुस्तकात 'जलविभाजक' हा शब्द पाठ करताना तो आपल्या पायाखाली आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे जैनांचे मोठे तीर्थ आहे. येथील पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी असल्याची श्रद्धा असल्याने त्यांना 'अंतरिक्ष पार्श्वनाथ' म्हणतात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू येथे येतात. आपल्या घरापासून काही कोसांवर असलेल्या या गावी आपण किती वेळा गेलो, याचा विचार करीतच आपण मुक्कामाला वाशीमला पोचू.

दुसरा दिवस : वत्सगुल्म आणि लोणार

सकाळी उठून वाशीम शहर पाहू. आजचे वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण १ जुलै १९९८ रोजी झाले, तेव्हा अकोला जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला. परंतु हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला असे नाही. इंग्रजी अमदानीत 'बासिम' हा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ साली मोडण्यात आला. त्याआधी अकबराच्या काळात 'आईने-अकबरी' ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून बासिमची नोंद आहे. आणि त्याहीपूर्वी, सुमारे १६०० वर्षांपूर्वी, हे एका राजघराण्याच्या राजधानीचे शहर होते. तेव्हा त्याचे नाव होते वत्सगुल्म.

वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याचा मुलगा सर्वसेन याने येथे आपली गादी स्थापली. हा राजा तलवारीइतकाच लेखणीचाही धनी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत, 'हरिविजय' नावाचे काव्य लिहिले. ते काव्य आज उपलब्ध नाही. मात्र काश्मीरच्या आनंदवर्धनासारख्या थोर साहित्यशास्त्रज्ञाने त्याची दखल घेतली, म्हणून ते होऊन गेले एवढे आपल्याला कळते. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्म नगरीत लावून दिले. म्हणजे साहित्याच्या दुनियेत आपल्या गावाची कीर्ती एवढी होती. याच घराण्यातील हरिषेण या राजाच्या वराहदेव नावाच्या प्रधानाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. ज्या अजिंठ्याचा १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्याची एक किल्ली वाशीममध्ये आहे. आणि अजिंठ्याचा दगड व काल घाटात पाहिलेला दगड एकाच अग्नीतून निघालेला आहे.

आता मी जे सांगतो ते विशेष लक्ष देऊन वाचा, कारण या लेखाचा गाभा तो आहे. वाकाटकांच्या या वाशीम शाखेची नीट माहिती १९३९ पर्यंत कोणालाच नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात वंशावळ कोरलेली होती, पण अक्षरे झिजली होती आणि सर्वसेनाचे नाव पूर्वीच्या विद्वानांकडून चुकीचे वाचले गेले होते. १९३९ साली वाशीम येथे एक ताम्रपट उजेडात आला. सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेले ते दानपत्र होते. काही मजकूर संस्कृतात, काही प्राकृतात. नांदेडच्या बाजूचे एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची ती नोंद होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिच्या आधारे अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, चूक दुरुस्त केली, आणि इतिहासाच्या नकाशावर एक हरवलेली राजधानी परत आली.

पालकहो, क्षणभर कल्पना करा. तांब्याचे जुने पत्रे. वर वाचता न येणारी अक्षरे. कोणीतरी ते तांबटाकडे नेऊन वितळवले असते तर? दोन हंडे झाले असते आणि एक राजघराणे पुसले गेले असते. सोळा शतके कोणालाही वाचता न येणारी वस्तू कोणीतरी सांभाळली. कधी जमिनीने सांभाळली असेल, कधी माणसाने. म्हणून आज आपण वाशीमचे नाव अभिमानाने घेऊ शकतो.

शहरातले बालाजी मंदिर आणि त्याचा तलाव पाहून पुढे जाऊ. नागपूरकर साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मंदिर बांधले. त्या काळी वऱ्हाडात निजाम आणि भोसले या दोघांचाही अंमल चाले, दोघांचेही अंमलदार वसुली करीत. या व्यवस्थेला लोक 'दुअंमली' म्हणत. रयतेचे त्यात काय हाल झाले असतील ते सांगायला नको. १८०३ साली इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातील हक्क गेला, आणि १८५३ साली कर्जाच्या पेचात सापडलेल्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले.

दुपारी रिसोडमार्गे लोणारला जाऊ. लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण आपल्या उंबरठ्यावर आहे, म्हणून सीमा ओलांडू. काठावर उभे राहा. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीची गोल कढई, खोली दीडशे मीटरच्या आसपास, आणि तळाशी खारट, क्षारयुक्त पाण्याचे सरोवर. 'आईने-अकबरी'त या जागेचे वर्णन आहे. काच आणि साबण तयार करण्यासाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे अबुल फज्लने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे चारशेहून अधिक वर्षांपूर्वी दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबारात लोणारची खबर होती.

हे विवर ज्वालामुखीचे मुख आहे, असे पुष्कळ काळ मानले जात होते. सगळा मुलूखच लाव्ह्याचा, तेव्हा हा खड्डाही लाव्ह्याचाच, असा तो तर्क होता. तर्क सरळ होता, पण चुकीचा. १८९६ साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट याने ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथल्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचे सिद्ध झाले. ही काच केवळ प्रचंड आघातानेच तयार होते, ज्वालामुखीच्या उष्णतेने नव्हे. म्हणजे आकाशातून आलेला अशनी आपल्या काळ्या कातळावर आदळला आणि हे विवर झाले. त्याचे वय आधी सुमारे ५० हजार वर्षे धरले जाई, २०११ च्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क लढविले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे झाल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

मित्रांनो, लोणारचा धडा परीक्षेपुरता नाही. सगळे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, आणि विद्वानाने आपली चूक दुरुस्त केली म्हणून तो लहान होत नाही. दगडाचा एक कण हातात घेऊन जो नीट तपासतो, त्याचेच म्हणणे शेवटी टिकते. गावातले दैत्यसूदनाचे मंदिरही पाहून घ्या. ते ज्या काळ्या पाषाणाचे आहे, त्याची ओळख आता तुम्हाला करून द्यायला नको.

तिसरा दिवस : मंगरूळपीर आणि कारंजा

तिसऱ्या दिवशी पूर्वेकडे निघू. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आहे. हीही लाव्ह्याचीच लेक. काळा कातळ लाखो वर्षे ऊन-पावसात कुजला आणि ही चिकण माती झाली. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण कापसाला मानवतो. वऱ्हाडचा कापूस, त्यावर उभे राहिलेले विणकर आणि व्यापारी, त्यावर डोळा ठेवून आलेले इंग्रज, या सगळ्या साखळीची पहिली कडी घाटातल्या त्या दगडात आहे. मेहकरच्या मोमिनांनी, म्हणजे विणकरांनी, एके काळी आपल्या गावाच्या तटबंदीचे काम स्वतः अंगावर घेतल्याचा उल्लेख जुन्या गॅझेटियरात आहे. हातमागावरचा माणूस गावाला कोट घालू शकत होता, एवढी त्या धंद्यात बरकत होती.

मंगरूळपीर हे नावच दोन भागांचे आहे. मंगरूळ गावाला 'पीर' जोडला गेला तो हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे. त्याच गावी बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आहे. दर्ग्यावर आणि संस्थानात दर्शनाला येणाऱ्यांची जात कोणी विचारीत नाही. इतिहासात राजे भांडले, तह झाले, मोडले. परंतु गावाचे नाव ठेवताना लोकांनी भांडण ठेवले नाही. जाता जाता लक्षात ठेवा, की दक्षिणेला मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून ज्यांनी शतकानुशतके या घाटांतून वाहतूक केली, त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले.

शेवटचा मुक्काम कारंजा. या गावाला कारंजा लाड म्हणतात, जुने लोक कारंजा बीबीही म्हणत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस या चार वेशींची नावे वाचली, की कुठल्या कुठल्या वाटा येथे येऊन मिळत ते कळते. एका छोट्या गावाच्या वेशीला थेट दिल्लीचे नाव! येथल्या व्यापाऱ्यांच्या श्रीमंतीची ख्याती एवढी होती, की १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजांनी मोगलांच्या ताब्यातील या गावावर चाल केली आणि मोठी संपत्ती नेली. दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान मानले जाते. पुढे ते गाणगापूरला स्थिरावले, आणि बिदरचा मुसलमान बादशहा त्यांच्या भेटीला आल्याची कथा 'गुरुचरित्रा'त आहे. कापसासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून सुरू झाली. तिलाच लोक पुढे प्रेमाने 'शकुंतला' म्हणू लागले. ती आता धावत नाही, पण तिचे नाव काढले की वडीलधाऱ्यांचे डोळे चमकतात.

कारंज्यातील सर्वांत मोठे धन मात्र सोन्या-चांदीचे नव्हते. येथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत जुन्या हस्तलिखित पोथ्या शेकडो वर्षे बांधून ठेवलेल्या होत्या. त्यांत अपभ्रंश भाषेतील असे ग्रंथ होते, की ज्यांची विद्वानांना फारशी कल्पनाही नव्हती. अमरावतीच्या महाविद्यालयात शिकविणारे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ते अभ्यासले आणि १९३१ पासून कारंज्याच्या नावाने निघालेल्या ग्रंथमालेत पुष्पदंतासारख्या दहाव्या शतकातील कवींची काव्ये छापून प्रसिद्ध झाली. हिंदी, मराठी, गुजराती या भाषा कशा घडत गेल्या, हे समजण्याची एक वाट त्यामुळे मोकळी झाली. पोथ्या वाचणारे कमी झाले, तरी त्या रद्दीत घालाव्यात असे तेथील समाजाला वाटले नाही. वर्षानुवर्षे फडक्यात बांधून त्यांनी त्या वाळवीपासून वाचविल्या.

आपल्या पेटीत काय आहे?

वाशीमचा ताम्रपट आपण पाहिला, कारंज्याच्या पोथ्या पाहिल्या. आता प्रश्न आपला आहे.

१४९० साली फतहुल्लाह इमादुल्मुल्कने एलिचपूर येथे इमादशाही उभारली. १५७४ साली ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. १५९६ साली चांदबीबीच्या काळात वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाकडे. एवढ्या साऱ्या काळात राज्यकारभाराचा मोठा भाग फारसीत लिहिला गेला, आणि त्याच्या जोडीला मोडीत. सनदा, इनामपत्रे, काझींचे निवाडे, निकाहनामे, मशिदी आणि दर्गे यांच्या देणग्यांचे कागद, विहिरी आणि कबरींवरचे लेख. यांतले किती वाचले गेले? फार थोडे. कारण फारसी वाचणारे कमी, आणि जे कागद घराघरांत आहेत ते पेटीच्या तळाशी. घर पाडून नवे बांधताना पेटी माळ्यावरून खाली येते, 'जुनी रद्दी' म्हणून किलोवर विकली जाते, आणि एखाद्या गावाचा इतिहास भंगारवाल्याच्या हातगाडीवरून निघून जातो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम सुरू होते. तुमच्यापैकी अनेकांना उर्दू वाचता येते. फारसीची लिपी तुम्हाला परकी नाही, आणि अर्धे शब्दही ओळखीचे आहेत. शाळेत मराठी तुम्ही शिकताच. मराठीच्या सरकारी भाषेत जिल्हा, तालुका, तहसील, अर्ज, सनद, दफ्तर, जमीन, रयत हे शब्द अरबी-फारसीतूनच आले आहेत. त्यात मोडी लिपीची भर घातली, तर वऱ्हाडच्या तीन-चार शतकांच्या कुलपाच्या किल्ल्या एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या हातात येतात. अशी माणसे आज शोधूनही सापडत नाहीत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांचा अभ्यास करणारी शाखा दूर दिल्लीत नाही, आपल्या नागपुरात आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने त्या कामात आयुष्य वेचले. डॉक्टर, इंजिनिअर जरूर व्हा. परंतु हाही एक सन्मानाचा मार्ग आहे आणि त्या मार्गावर गर्दी नाही, हे ध्यानात ठेवा.

पालकहो, तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. पहिली, शाळेची सहल निघाली तर 'पैशांची नासाडी' म्हणून नकार देऊ नका, आणि मुलाला पाठवून मुलीला घरी ठेवू नका. घाटातला दगड दोघांनाही सारखाच वाचता येतो. दुसरी, घरातील जुने कागद विकू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये चिकटवून बंद करू नका. कोरड्या सुती फडक्यात ठेवा, आणि मुलांना मोबाईलवर त्यांचे स्वच्छ फोटो काढून घ्यायला सांगा. तिसरी, जुनी कबर, विहीर किंवा मशीद दुरुस्त करताना अक्षरे कोरलेला दगड निघाला, तर त्यावर चुना किंवा रंग फासू नका. आधी त्याचा फोटो घ्या, आणि जाणकाराला दाखवा.

आपण या मुलखात कुणाच्या घरी पाहुणे म्हणून राहत नाही. वत्सगुल्मचा ताम्रपट, शिरपूरची मूर्ती, हयात कलंदर यांचा दर्गा, पोहरादेवीचा तांडा, कारंज्याची पोथी हे सगळे एकाच काळ्या कातळावर उभे आहे, आणि त्या कातळावर आपलेही घर आहे. ज्याला आपल्या घराचा इतिहास ठाऊक असतो, त्याला कोणी परका म्हटले तर त्याच्याजवळ उत्तर असते. ते उत्तर ओरडून द्यायचे नसते, कागद पुढे ठेवून द्यायचे असते. म्हणून कागद सांभाळा आणि तो वाचायला शिका.

येत्या सुटीत एक काम करा. आपल्या गावाच्या नावाचा अर्थ, गावातल्या सर्वांत जुन्या दगडी वास्तूचे वर्णन, आणि घरातल्या सर्वांत जुन्या कागदाची तारीख, या तीन गोष्टी वहीत लिहून आपल्या शिक्षकांना दाखवा. पाने थोडीच भरतील. पण वाशीम जिल्ह्याच्या इतिहासाचे जे प्रकरण अजून कोणी लिहिलेले नाही, त्याची सुरुवात कदाचित त्याच वहीत झालेली असेल.